मशीन कुठलं ते राहू दे, सापडलं कुठं ते सांग

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी अंगावर यायला नको. ज्या भांडणावर मी आज तोंडसुख घेणार आहे, त्या भांडणात मी स्वतः दोन वर्षं हिरिरीने उतरलो होतो. मिनलॅबच्या बाजूने. इक्विनॉक्स ८०० माझ्या हातात होतं आणि ज्यांच्या हातात ते नव्हतं त्यांची मला मनापासून कीव यायची.

कंपनीने इप्सविचजवळच्या एका क्लायंटकडे पाठवलं होतं. इंग्लंडच्या पूर्वेकडचा सफोक परगणा, सपाट शेतं, वारा, आणि शनिवार-रविवारी करण्यासारखं शून्य. घरमालक निवृत्त इलेक्ट्रिशियन होता. ऑगस्टमध्ये गव्हाची कापणी झाली, शेतात नुसती धसकटं उरली आणि एका रविवारी तो म्हणाला, "तुला मशिनं आवडतात ना? चल." मेटल डिटेक्टर घेऊन शेतात फिरणं हा तिथे रीतसर छंद आहे, आपल्याकडे ट्रेकिंग असतं तसा. शेतकऱ्याची परवानगी घ्यायची, कानाला हेडफोन लावायचा, कॉइल जमिनीलगत डावी-उजवी फिरवत चालायचं, बीप झालं की छोट्या फावड्याने ढेकूळ उचलायचं. बहुतेक वेळा त्यात निघतं ते म्हणजे काडतुसाची टोपी, कॅनची कडी, शिशाचा तुकडा, ट्रॅक्टरचा नट. क्वचित एखादं जुनं बटण. फारच क्वचित नाणं.

मी पहिल्याच दिवशी या छंदात अडकलो, हे कबूल. पण दुपारी अकराच्या सुमाराला सगळे गाड्यांच्या डिक्कीशी जमले, थर्मासमधला चहा निघाला, आणि खरा कार्यक्रम सुरू झाला. सकाळपासून कुणाला काय सापडलं, याची चर्चा चार मिनिटं. कुठलं मशीन चांगलं, याची चर्चा पाऊण तास.

त्या चर्चेतली माणसं तुम्ही ओळखता, फक्त वस्तू वेगळी आहे. फ्रेंच एक्सपीचा डीयस वापरणारे असतात, त्यांचा सूर आयफोनवाल्यांचा: हलकं आहे, वायरलेस आहे, एकदा हातात घेऊन बघ म्हणजे कळेल. तुर्कस्तानच्या नोक्ताचे लोक वनप्लसच्या सुरुवातीच्या दिवसांतल्यासारखे: निम्म्या किमतीत तेच फीचर, तुम्ही बाकीचे येडे आहात. टेक्ससच्या गॅरेटवाले अनुभवाच्या जोरावर बोलतात. केंटमधल्या सी-स्कोपचा अभिमान बाळगणारा एखादा देशभक्त असतो. आणि अमेरिकेतली व्हाइट्स ही जुनी कंपनी २०२० मध्ये बंद पडली, तिचे निष्ठावंत सगळ्यांत करुण. आपल्याकडे जुनी चेतक चालवलेल्या काकांना नवी इलेक्ट्रिक चेतक दाखवा, ते ज्या नजरेने बघतात ती नजर. आम्ही मिनलॅबवाले अर्थातच शास्त्रशुद्ध. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी, विषय संपला.

विषय संपत नसे. मी इंजिनिअर असल्यामुळे तर अजिबातच नाही. मी स्प्रेडशीट बनवलं.

त्या स्प्रेडशीटबद्दल नंतर बोलतो. आधी या वादातला सगळ्यांत मोठा मुद्दा घेऊ: "माझं मशीन तुझ्यापेक्षा खोल जातं."

डिटेक्टरचं तत्त्व बारावीच्या फिजिक्समध्ये आहे. कॉइलमधून बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जमिनीत धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात, ते आपलं छोटंसं उलट क्षेत्र तयार करतात, आणि दुसरी कॉइल ते पकडते. आता गंमत बघा. कॉइलचं क्षेत्र अंतर वाढेल तसं घनाच्या प्रमाणात कमी होतं. वस्तूकडून परत येणारं क्षेत्रही तसंच घनाच्या प्रमाणात कमी होतं. म्हणजे जाऊन-येऊन साधारण सहावा घात. वस्तू दुप्पट खोल गेली तर सिग्नल अर्धा नाही होत, चौसष्टावा हिस्सा उरतो. नुसतं दहा टक्के जास्त खोल बघायचं तर मशीन जवळपास पावणेदोन पट संवेदनशील हवं. मार्केटिंगवाल्यांनी कितीही विशेषणं लावली तरी हा सहावा घात त्यांच्या बापालाही हलवता येत नाही. म्हणून एकाच किमतीच्या आसपासच्या चांगल्या मशिनांमध्ये खोलीचा जो फरक असतो तो बोटाच्या पेरांत मोजायचा. तो फरक कॉइल जमिनीपासून दोन इंच वर धरून चालणारा माणूस एका क्षणात घालवतो. आणि सगळेच दमल्यावर कॉइल वर धरतात.

इथवर मी नुसतं वाद निरर्थक आहे म्हणतोय. पण तो निरर्थक नाही, घातक आहे, असं माझं म्हणणं आहे.

इंग्लंड-वेल्समध्ये जबाबदार डिटेक्टिंगची एक आचारसंहिता आहे. पुरातत्त्वाच्या आणि छंदवाल्यांच्या संस्थांनी मिळून केलेली. तिच्यातली एक साधी अपेक्षा अशी: नांगरटीने आधीच ढवळलेल्या जमिनीत शोधा, आणि नांगराच्या खोलीच्या खाली जाऊ नका. नांगर जातो वीस ते तीस सेंटिमीटर. त्या वरच्या थरातल्या वस्तू शेकडो वर्षं इकडच्या तिकडे झालेल्या असतात, खतामुळे गंजत असतात, त्या उचलल्या तर फारसं बिघडत नाही, उलट वाचतात. त्याच्या खाली मात्र जमीन जशीच्या तशी असते. घराची जमीन, चुलीची राख, थडगं, पुरलेलं मडकं, सगळं एकमेकांच्या संदर्भात. तिथे फावडं घालणं म्हणजे पुस्तकातलं पान फाडून फक्त चित्र खिशात घालणं. आता सांगा, चांगल्या मशिनाला तीस सेंटिमीटरपर्यंतची नाण्याएवढी वस्तू मिळण्याची मारामार असते आणि त्याच्या खाली जायचंच नाही असं ठरलेलं आहे, तर पाऊण तास भांडण कशावरून चाललंय? जिथे जायचं नाही तिथे कोण आधी पोचतो, यावरून.

दुसरा मुद्दा डिस्क्रिमिनेशनचा. मशीन सिग्नलच्या फेजवरून धातू कुठला असावा याचा अंदाज बांधतं आणि पडद्यावर एक आकडा दाखवतं. तुम्ही सांगू शकता की लोखंडाला बीप देऊ नकोस. शेतात खिळे इतके असतात की नाही सांगितलं तर डोकं फुटेल. म्हणून "लोखंडी कचऱ्यात लपलेलं नाणं कुणाचं मशीन वेगळं काढतं" ही ब्रँडांमधली दुसरी मोठी स्पर्धा. पण थांबा. खिळे म्हणजे कचरा, हे कुणी ठरवलं? हजार वर्षांपूर्वी लोक घरं, पेट्या, दारं खिळ्यांनी ठोकत होते, लोखंडाच्याच सुऱ्या वापरत होते, लोखंडाच्याच फाळाने नांगरत होते. सोनं चांदी मिरवायला होती, लोखंड जगायला होतं. हा छंद देशाच्या इतिहासाचा एवढा मोठा डेटा गोळा करतो आणि त्यातून लोखंड जवळपास गाळलेलं असतं, कारण हेडफोनमध्ये ते ऐकायला बरं वाटत नाही. एखाद्या सिस्टिमने आपले सगळे एरर लॉग करायचे पण सगळ्यांत नेहमी येणारा प्रकार गाळायचा, असं कुणी आमच्या टीममध्ये केलं असतं तर स्टँडअपमध्येच त्याची सालं काढली असती. इथे त्याला फीचर म्हणतात आणि त्याचे जास्त पैसे घेतात.

मशिनाला दोष देण्याची किंवा श्रेय देण्याची ही सवय जुनी आहे, अगदी मशिनाइतकीच. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे अडकलीये ते कळेना. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन आला, तत्त्व आजच्या डिटेक्टरचंच. यंत्र चाचणीत चाललं होतं. अध्यक्षांवर चाललं नाही. एक तर त्यांच्या गादीत स्टीलच्या तारा होत्या. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टर ब्लिसने ठाम ठरवलं होतं की गोळी उजव्या बाजूला आहे, त्यामुळे शोध उजव्याच बाजूला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. कुठे शोधायचं हे ज्याच्या हातात होतं तोच चुकला होता, मग कॉइलला किती वळसे होते याने काय फरक पडणार होता?

आता उलट बाजूची गोष्ट. ही माझी आवडती आहे आणि ती आम्ही राहायचो त्याच सफोकमधली आहे. १९९२ चा नोव्हेंबर. हॉक्सन नावाच्या गावात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने एरिक लॉज या मित्राला बोलावलं. लॉज निवृत्त माळी, निवृत्त होताना त्यांना डिटेक्टर भेट मिळालेला. हातोडा शोधता शोधता चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी निघायला लागली. तुम्ही आम्ही काय केलं असतं? लॉज यांनी थोडं काढलं आणि थांबले. कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाचे लोक आले आणि त्यांनी दिवसभरात रीतसर उत्खनन करून सगळा ठेवा काढला: जवळपास पंधरा हजार रोमन नाणी, शिवाय दागिने आणि चांदीची भांडी. ती कशी रचून ठेवली होती हे कळलं, लाकडी पेटीत होती हे कळलं, कारण ते सगळं जमिनीत जसंच्या तसं होतं. तज्ज्ञांना त्यांच्या हातांनी काढता आलं. लॉज यांना साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं, त्यातला वाटा त्यांनी शेतकऱ्याला दिला. हातोडाही सापडला. तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

या गोष्टीत महत्त्वाचं मशीन कुठलं? फावडं. आणि ते वेळेवर खाली ठेवणारा हात.

असं कुणी चहाच्या वेळी बोललं की गप्पा दोन सेकंद थांबत आणि मग एखादा विचारी, "पण लॉजकडे होतं कुठलं मशीन?"

याच्या विरुद्धचंही उदाहरण आहे. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघा डिटेक्टरवाल्यांना व्हायकिंगांचा ठेवा सापडला. दागिने आणि नाणी, नाणी अंदाजे तीनशे. त्यांनी कळवलं नाही, गुपचूप विकायला काढला. पकडले गेले, २०१९ मध्ये एकाला दहा आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली. नाणी मिळाली तीसच्या आसपास. त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ हे दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासाने केओलवुल्फला व्हायकिंगांचं बाहुलं म्हणून निकालात काढलं होतं, आणि ही नाणी म्हणतात की दोघं बरोबरीने चलन काढत होते. बाकीची अडीचशेहून जास्त नाणी आज कुठे आहेत, कुणास ठाऊक. कायद्याने कळवलं असतं तर त्या दोघांना जमीनमालकाबरोबर वाटून बक्षीसही मिळालं असतं. चोर म्हणून नाही, पण माणूस म्हणून त्यांचा मला राग येण्याऐवजी भीती वाटते, कारण आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात त्यांचं एक छोटं बी असतं. ते बी "माझं मशीन, माझी मेहनत, माझी वस्तू" या वाक्यातून उगवतं. ब्रँडच्या गप्पा त्याच वाक्याला खतपाणी घालतात.

आता माझं स्प्रेडशीट.

मी एका मित्राकडून डीयस उसना घेतला आणि ठरवलं की एका आठवड्याच्या शेवटी दोन्ही मशिनांची शास्त्रशुद्ध तुलना करायची. शनिवार, रविवार आणि सोमवारची बँक हॉलिडे. तीन दिवसांत तीन शेतकऱ्यांची शेतं, सगळी मिळून दोन गावांच्या हद्दीत. प्रत्येक सिग्नलला रांग: मशीन, मोड, फ्रिक्वेन्सी, पडद्यावरचा आकडा, आवाजाची प्रत (एक ते पाच), खोली, जमिनीचा ओलावा. वस्तू सगळ्या कमरेच्या पिशवीत. संध्याकाळी घरी येऊन मी पिव्होट टेबल काढत होतो आणि घरमालक माझ्या वस्तू सिंकमध्ये धूत होता. त्याने एक पट्टी उजेडात धरली. बोटाच्या दोन पेरांएवढी, तांब्याच्या मिश्रधातूची, टोकाला बारीक जनावराचं तोंड, कान आणि नाकपुड्यांसकट.

ती पट्ट्याच्या टोकाला लावायची पट्टी होती. नवव्या शतकातली. ज्या शतकात डेन लोकांनी ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड याला मारलं, त्याच शतकात कुणाच्या तरी कमरेवर ती लोंबत होती आणि कुठे तरी रिवेट सुटून पडली.

तिथे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची एक व्यवस्था आहे, १९९७ पासून. लोकांना सापडलेल्या वस्तू नोंदवायला परगण्या-परगण्यात अधिकारी असतात, नोंद सगळ्यांना बघायला खुली, आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदवल्या गेल्यात. तांब्याची एक पट्टी कायद्याने "ट्रेझर" होत नाही, त्यामुळे कळवायची सक्ती नव्हती. मी अभिमानाने गेलो. लॅपटॉप घेऊन गेलो!

अधिकारी बाईंनी पट्टी भिंगाखाली धरली, हसल्या, म्हणाल्या, "सुंदर आहे. कुठे मिळाली?"

मी म्हटलं, इक्विनॉक्सवर, फील्ड टू मोडमध्ये, आकडा अठरा, खोली सुमारे पंधरा सेंटिमीटर.

"हो. पण कुठे?"

माझ्याकडे अकरा कॉलम होते. अक्षांश-रेखांशाचा नव्हता. खिशात फोन होता, फोनमध्ये जीपीएस होतं, मी लोकेशनवर चालणारी ॲप्स लिहून पोट भरतो. त्यांना दहा आकडी ग्रिड रेफरन्स हवा होता, म्हणजे एका मीटरच्या आतली जागा. मी त्यांना "यांपैकी एखादं शेत" असं सांगू शकत होतो. कुठल्या दिवशी, तेही नक्की नाही, कारण सोमवारी रांगा भरताना मी शनिवारच्या पिशवीतल्या काही वस्तू नंतर घातल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फॉर्ममध्ये जागेच्या रकान्यात परगण्याचं नाव लिहिलं. नुसतं सफोक.

हे एवढं मनाला का लागलं ते सांगतो. इप्सविचपासून थोड्याच अंतरावर रेंडलशम आहे. आठव्या शतकात बीड नावाच्या भिक्षूने तिथे राजाचं ठाणं असल्याचं लिहून ठेवलंय, पण नेमकं कुठे ते कुणाला माहीत नव्हतं. रात्री चोरून डिटेक्टर फिरवणारे शेतात खड्डे करून जातात, अशी तक्रार जमीनमालकाने केली आणि त्यातून २००८ मध्ये सर्वेक्षण सुरू झालं. काय केलं त्यांनी? मोजके भरवशाचे डिटेक्टरवाले घेतले. ते वर्षानुवर्षं त्याच शेतांतून सावकाश चालत राहिले, प्रत्येक वस्तूची जागा नोंदवत. बकल, नाण्याचा तुकडा, वितळलेल्या धातूचा थेंब. एकेका वस्तूची किंमत काही नाही. पण नकाशावर ठिपके दाट होत गेले आणि ठिपक्यांमधून राजाचं ठाणं वर आलं. २०२२ मध्ये तिथे उत्खनन झालं तेव्हा राजाच्या सभागृहाचा पाया निघाला. माझी पट्टीही एक ठिपका होती. कदाचित कुठल्याच दाटीतला नसेल, एकटाच असेल. आता ते कधीच कळणार नाही, आणि पट्टी माझ्या खिशात असल्याने काही फरक पडत नाही. टाइमस्टॅम्प नसलेला लॉग कितीही सुंदर फॉरमॅट केलेला असला तरी तो कचराच.

स्प्रेडशीटचा निष्कर्षही सांगतो, उत्सुकता असेल तर: दोन मशिनांमध्ये फरक काढण्याइतका डेटा नव्हता.

यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो मीच घेत असे. "अरे, छंद आहे. लोक कॅमेऱ्यावरून भांडतात, कीबोर्डवरून भांडतात, मिसळीवरून भांडतात, कुणाचं काय जातं?" कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोमुळे सूर्यास्त संपत नाही. जमिनीतली वस्तू एकदाच निघते. तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. इतका साधा फरक आहे, आणि तो लक्षात घेतला की बाकीचे छंद इथे उपमेलाही चालत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: मशिनाने फरक पडतोच. पडतो. समुद्राच्या ओल्या वाळूवर खाऱ्या पाण्यामुळे साधं एका फ्रिक्वेन्सीचं मशीन वेड्यासारखं ओरडतं, तिथे अनेक फ्रिक्वेन्सीवाली मशिनं खरोखर शांत राहतात. बेसॉल्टच्या जमिनीत चुंबकीय खनिजं असतात, तिथे जमिनीचा आवाज वजा करण्याची क्षमता लागते. आणि एक अँटेना हातात धरून पन्नास मीटरवरचं सोनं दाखवतो म्हणणारं जे काही विकलं जातं, ती शुद्ध फसवणूक आहे, त्याला मशीन म्हणणंही चूक. पण हे सगळं दहा मिनिटांत सांगून होतं. आत्ता झालं. उरलेला वेळ कशात जातो?

आपल्याकडे तर हा छंद म्हणून नाहीच. आपल्याकडे गुप्तधन आहे. आजीला व्हिडिओ कॉलवर मी मशीन दाखवलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे पायाळूच की रे हा तुझा!" पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला माणूस, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं अशी समजूत. मी हसलो होतो. नंतर वाटलं की आजीने आमच्या डिक्कीजवळच्या पाऊण तासाचं सार सांगितलं. अंजन कुठल्या ब्रँडचं, एवढंच तर आम्ही बोलत होतो. आणि या समजुतीने महाराष्ट्रात माणसांचे बळी घेतलेत, १९७० च्या दशकातलं मानवतचं प्रकरण घरातल्या मोठ्यांना विचारा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांचा उल्लेख करावा लागला तो उगाच नाही.

तुम्ही ट्रेकला जात असाल तर खड्डे पाहिले असतील. मी एका गडावर पाहिलेत, पडक्या वाड्याच्या जोत्यात, कमरेएवढे, कडा अजून ताज्या. खणणाऱ्यांना काय मिळालं असेल? बहुधा काही नाही. काय गेलं असेल? त्या जोत्याखाली जे काही क्रमाने साचलेलं होतं ते.

संदर्भ जाणं म्हणजे काय, याचं आपलं स्वतःचं उदाहरण दायमाबादचं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं प्रवरेकाठचं गाव. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. सगळं मिळून साठ किलोंहून जास्त वजन. त्याच्याकडे मशीन नव्हतं, त्याचा काही दोषही नाही. पण त्या पुरातत्त्वीय थरातून निघाल्या नाहीत, म्हणून उत्तर हडप्पाकाळातल्या की बऱ्याच नंतरच्या, यावर अभ्यासकांत वाद झाला. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, पण त्या चार वस्तू ज्या मातीत बसल्या होत्या ती माती परत आणता आली नाही. इतकं मोठं शिल्प, आणि त्याच्या वयावर एकमत नाही. तुमच्या आमच्या हाती लागलेल्या शिवराईची काय कथा! पुण्याच्या जुन्या बाजारात शिवराया ताटलीत पडलेल्या असतात. विकणाऱ्याला विचारा कुठली आहे, तो म्हणतो, "शिवाजी महाराजांची."

आपला कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही जमिनीत सापडलं की कलेक्टरला कळवायचं. कळवणाऱ्याला हिस्सा देण्याची तरतूदही त्यात आहे. संरक्षित स्मारकांत परवानगीशिवाय खणणं हा वेगळा गुन्हा. पण नोंद करायला आलेल्या साध्या माणसाचं स्वागत करणारी, "सुंदर आहे, कुठे मिळाली?" असं विचारणारी बाई तालुक्याच्या ठिकाणी आपल्याकडे नाही. शेतकऱ्याला नांगरताना काही मिळालं तर तो पोलिसाच्या भीतीने गप्प बसतो किंवा सराफाकडे जातो. भांडायचंच असेल तर यावरून भांडू या की. तशी व्यवस्था हवी, यावर पाऊण तास घालवला तर मी चहा आणायला तयार आहे.

मी परत येताना इक्विनॉक्स घरमालकाला देऊन आलो. पट्टीही त्याच्याकडेच ठेवली, जमिनीच्या मालकाशी बोलून घे म्हणालो, पण कुठल्या मालकाशी हे मला सांगता आलं नाही.

गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहे, रील बघून पेटलाय. "दादा, तू तिकडे मेटल डिटेक्टर वापरायचास ना? नोक्ता घेऊ की मिनलॅब? बजेट तीसपर्यंत आहे."

मी विचारलं, "फिरवणार कुठे आहेस?"

तो थोडा थांबला, मग म्हणाला, मित्राच्या गावाजवळ एक गड आहे, वर कुणी नसतं.

मी त्याला वीस मिनिटं हे सगळं सांगितलं. कायदा सांगितला, हॉक्सन सांगितलं, माझी पट्टी सांगितली, दायमाबाद सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, मध्ये मध्ये हं हं करत होता.

"पटलं दादा," तो म्हणाला. "पण या दोघांतलं कुठलं?"